आधी खर्डा, मग फी

‘बारा आठवड्यांत कादंबरी पूर्ण करा, प्रकाशकापर्यंत पोहोचा, जागा मर्यादित.’ अशा थाटाच्या जाहिराती आता मोबाइलवर ऊठसूट दिसतात. कुठे फी काही हजारांत असते, तर परदेशी संस्थांच्या वर्गांची लाखांत जाते. दुसरीकडे एखाद्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी गच्चीवर चार-सहा जण आपापली बाडं घेऊन जमतात. ते एकमेकांचं ऐकतात, चुका काढतात आणि चहाचे पैसे वाटून घेतात. पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्याला हे दोन्ही रस्ते खुणावतात. घरात हप्ते चालू असतात, नोकरीतून वेळ मिळत नाही आणि मनात धाकधूक असते की पैसे भरले नाहीत तर आपण मागे पडू. कोणत्या रस्त्याने काय मिळतं, काय मिळत नाही आणि खिशात हात कधी घालावा, याचा हा आढावा.

कादंबरी शिकवता येते का?

ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथालेखनाची घडण समजावून सांगता येते, असा पक्ष मराठीत मांडला. पुढे त्यांच्यावर तंत्रवादाचा शिक्का बसला आणि लेखक जन्मावाच लागतो ही समजूत आपल्याकडे टिकून राहिली. गाण्याला गुरू लागतो हे आपल्याला पटतं. चित्रकारांसाठी मुंबईत सर ज. जी. कलाशाळा १८५७ पासून उभी आहे. लिहिणाऱ्याला मात्र सगळं उपजत यावं, अशी अपेक्षा असते.

अमेरिकेत हा प्रश्न विद्यापीठांनी हाती घेतला. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. फ्लॅनरी ओ’कॉनर १९४७ मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडल्या. पॉल एंगल यांनी जवळपास पाव शतक ती कार्यशाळा चालवली. नंतर १९६७ मध्ये ह्वालिंग निए यांच्यासोबत त्यांनी जगभरच्या लेखकांसाठी वेगळा निवासी कार्यक्रम काढला. आपले दिलीप चित्रे १९७५ मध्ये याच कार्यक्रमासाठी आयोवाला गेले होते. त्या कार्यक्रमात लेखकांना शिकवत नाहीत. राहायची सोय, वेळ आणि देशोदेशींच्या लेखकांचा सहवास एवढं देतात.

ब्रिटनमध्ये माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये असा अभ्यासक्रम उघडला. इयन मॅक्यूअन हे तिथले पहिले विद्यार्थी. पुढे १९८० मध्ये तिथून पदवी घेतलेल्या काझुओ इशिगुरो यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. ही नावं ऐकली की वाटतं, शाळेनेच लेखक घडवले. पण प्रवेशाच्या वेळीच ज्यांच्या पानांत काही दिसतं त्यांना निवडायचं, ही या शाळांची रीत. पीक चांगलं आलं त्यात बियाण्याचा वाटा किती आणि मशागतीचा किती, हे सांगणं अवघड.

शिकवणाऱ्यांतही एकमत नाही. हनीफ कुरेशी किंग्स्टन विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवत होते. तरीही २०१४ मध्ये बाथच्या साहित्य महोत्सवात त्यांनी असे अभ्यासक्रम म्हणजे वेळेचा अपव्यय असल्याचं बोलून दाखवलं. विद्यार्थ्यांना वाक्यं लिहिता येतात, गोष्ट सांगता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या बोलण्याने खळबळ माजली, पण वर्ग ओस पडले नाहीत. त्याचं कारण साधं आहे. वर्गात बऱ्याच गोष्टी खरोखर शिकता येतात. निवेदक कोण आणि त्याला किती माहीत असावं, वीस वर्षांचा काळ दोन पानांत कसा ओलांडावा, कोणता प्रसंग दाखवावा आणि कोणता नुसता सांगून मोकळं व्हावं, आवडतं पण निरुपयोगी प्रकरण कसं काढून टाकावं, हे जाणकाराकडून लवकर कळतं. सांगायचं काय, आणि दोन-तीन वर्षं रोज बसायचं कसं, हे मात्र कुठल्याच वर्गाच्या हातात नसतं.

फीचं गणित

या धंद्यातला सगळ्यात बोधप्रद किस्सा अमेरिकेतला आहे. कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट इथे १९६१ मध्ये ‘फेमस रायटर्स स्कूल’ नावाची पत्रद्वारा शिकवणी सुरू झाली. रँडम हाउस या बड्या प्रकाशनसंस्थेचे बेनेट सर्फ यांच्यासह पंधरा नामवंत लेखकांचे चेहरे तिच्या जाहिरातीत झळकत. तुमच्यात लेखक दडलाय का, हे पाहणारी एक चाचणी फुकट मिळे. ‘द अटलांटिक’ मासिकाच्या जुलै १९७० च्या अंकात पत्रकार जेसिका मिटफर्ड यांनी या शाळेची लक्तरं वेशीला टांगली.

फी एकरकमी भरली तर ७८५ डॉलर आणि हप्त्यांनी ९०० होती. विद्यार्थी होते ६५ हजार आणि त्यांचे धडे तपासणारे ५५ जण. म्हणजे एका तपासनीसामागे जवळजवळ बाराशे विद्यार्थी. जाहिरातीतले नामवंत धड्यांना हातही लावत नसत. मिटफर्ड यांच्या वकील पतीकडे आलेलं एक प्रकरण ७२ वर्षांच्या विधवेचं होतं. घरी आलेल्या विक्रेत्याने तिच्या गळ्यात अभ्यासक्रम मारला होता आणि ते पैसे परत मिळवायला वकिलाचं पत्र लागलं. शाळेचा नफा टिकून होता तो अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांच्या जिवावर. फी आधीच जमा झालेली असे आणि तपासायला पुढचे धडे येतच नसत. लेख छापून आल्यानंतर दोनच वर्षांत, १९७२ मध्ये, शाळा दिवाळखोरीत गेली.

आजचे सगळेच वर्ग असे नाहीत, हेही सांगायला हवं. लंडनच्या फेबर प्रकाशनाने २००८ मध्ये अकादमी काढली. तिथल्या कादंबरीवर्गात बसलेल्या, आरोग्यसेवेत श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या एस. जे. वॉटसन यांची पहिली कादंबरी २०११ मध्ये आली आणि जगभर खपली. कर्टिस ब्राउन या साहित्य-एजन्सीनेही २०११ पासून वर्ग चालवले. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार जेन हार्पर यांनी २०१४ मध्ये त्यांचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग करताना जो खर्डा लिहिला, त्यातून ‘द ड्राय’ ही कादंबरी आली. पण ही नावं पुन्हापुन्हा ऐकू येतात ती मोजकीच आहेत म्हणून. त्याच वर्गांतून फी भरून गेलेले बाकीचे काय करतात, हे जाहिरातीत कधी येत नाही. ब्रिटनमध्ये लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांची लेखनातून होणारी मध्यम वार्षिक कमाई २०२२ च्या पाहणीत सात हजार पौंड निघाली. तिथल्या नावाजलेल्या सहामाही वर्गाची फी चार हजार पौंडांच्या घरात जाते.

आता आपल्याकडचा हिशेब करू. मराठीत पहिली आवृत्ती पूर्वी हजार प्रतींची निघे. आता पाचशेची निघाली तरी लेखक समाधान मानतो. समजा पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आहे आणि मानधन दहा टक्के. म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. पाचशेच्या पाचशे प्रती संपल्या तर लेखकाच्या हातात पंधरा हजार येतात, तेही प्रकाशकाने हिशेब वेळेवर दिला तर. पन्नास हजारांचा वर्ग केला असेल तर निव्वळ फी वसूल व्हायला सोळाशेहून जास्त प्रती खपायला हव्यात, म्हणजे तीन आवृत्त्या संपून चौथी सुरू व्हायला हवी. नव्या लेखकाच्या वाट्याला हे क्वचित येतं. म्हणून ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरून कुणी वर्ग विकत असेल तर त्याला हा हिशेब मांडून दाखवायला सांगावं. हौस म्हणून पैसे खर्च करण्यात काही गैर नाही. लोक सहलीवर करतात, गाण्याच्या शिकवणीवर करतात. पण हौसेचा खर्च हौसेच्या खात्यात लिहावा. कर्ज काढून किंवा मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडून तो करू नये.

कट्ट्याची परंपरा

मराठी साहित्यात मंडळींनी एकमेकांना धरून लिहिण्याची रीत जुनी आहे. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी भेटत, कविता वाचत आणि त्यावर चर्चा करत. त्यांचा ‘किरण’ हा सामूहिक संग्रह त्याच वर्षी आला. अत्र्यांनी विडंबनांतून त्यांची यथेच्छ टर उडवली, पण कविता लोकांपुढे म्हणून दाखवण्याची गोडी महाराष्ट्राला लावण्यात या मंडळाचा वाटा मोठा होता.

पुढची पिढी मुंबईत जमली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये ‘शब्द’ काढलं. नंतर अशोक शहाणे यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’ अशी लघु-अनियतकालिकं निघाली. ती चालवणारे एकमेकांचे पहिले वाचक होते, टीकाकार होते आणि प्रसंगी छपाईचा खर्च उचलणारेही. याच वातावरणात वावरलेल्या नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, तेव्हा ते पंचविशीत होते. कोलटकरांच्या कविता १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या त्या शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’तून. यात कुणी कुणाला फी दिली नव्हती.

औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या ‘अस्मितादर्श’ने हेच काम आणखी खोलवर नेलं. ज्यांच्या घरात आधी कुणी लिहिलेलं नव्हतं, अशा तरुणांना या नियतकालिकाने छापलं. त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी त्यांना बोलायला व्यासपीठ दिलं. आपलं जगणं लिहिण्याजोगं आहे, हा विश्वास त्यांना तिथे मिळाला. महागड्या वर्गात तो मिळेलच असं नाही.

परदेशातही दाखले आहेत. ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईस यांच्या खोलीवर गुरुवारी संध्याकाळी ‘इंकलिंग्ज’ जमत. टॉल्कीन आपल्या महाकादंबरीची प्रकरणं तिथे वाचत. लुईस मागे लागले नसते तर ती पूर्ण झाली नसती, असं टॉल्कीन यांनी स्वतः मान्य केलं आहे. त्याच मंडळात ह्यूगो डायसन यांना ते वाचन मुळीच सहन होत नसे. त्यांची नाराजी इतकी उघड असे की ते असले की टॉल्कीन वाचायचं टाळू लागले. आधार देणारा आणि हिरमोड करणारा एकाच खोलीत असतो, हा अनुभव कुठल्याही कट्ट्याला नवा नाही.

या सोबतीला सगळ्यात मोठं रूप आलं ते अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी यांनी १९९९ मध्ये २१ जणांना जमवून एका महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचा बेत केला. पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर महिना ठरला आणि हळूहळू लाखो लोक त्यात उतरले. ना फी, ना परीक्षक. इतर लोकही या घडीला लिहीत बसलेत, एवढाच काय तो आधार. सारा ग्रुएन यांच्या ‘वॉटर फॉर एलिफंट्स’चा खर्डा याच उपक्रमात आकाराला आला. उपक्रमाची पुढे संस्था झाली, तिचा खर्च वाढला, मुलांच्या सुरक्षिततेवरून आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतच्या भूमिकेवरून वाद झाले आणि २०२५ मध्ये संस्थेने गाशा गुंडाळला. ज्यांनी आपापल्या गावात लहान गट बांधले होते, त्यांना संस्थेवाचून अडण्याचं कारण नव्हतं.

कट्टा कुठे बिघडतो

कट्ट्याचं कौतुक करताना त्याची दुखणी झाकू नयेत. कविता दोन मिनिटांत वाचून होते, कादंबरी होत नाही. दहा पानं ऐकणाऱ्याला मागची दोनशे आठवत नाहीत. काही मंडळी फक्त वाचायला येतात आणि आपलं झालं की घड्याळ बघतात. एखादा ज्येष्ठ सगळ्यांची शाळा घेतो. व्हॉट्सॲपच्या गटात फुलं आणि अंगठे पडतात, पण पानं कुणी उघडत नाही. कादंबरीला दोन-तीन वर्षं लागतात आणि बहुतेक गट सहा महिन्यांत विस्कटतात.

खरा फरक पडतो तो अभिप्राय कसा दिला जातो यावर. समजा, एकाने पहिलं प्रकरण आणलंय: गाव सोडून पुण्याला निघालेला मुलगा, एसटी स्टँड, अकरा पानं. पहिला म्हणतो, “मस्त जमलंय, भाषा ओघवती आहे.” लेखक खूश होतो आणि घरी जाऊन एक ओळही बदलत नाही. दुसरी म्हणते, “सहाव्या पानावर तो पुण्यात आत्याकडे उतरायचं ठरवतो. पण ती आत्या दुसऱ्या पानावर वारलीये.” तिसरा सांगतो, “एसटी सुटायला नऊ पानं लागली. पाचव्या पानावर माझं लक्ष उडालं. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडतो तिथे मी परत जागा झालो. त्याला आधी आणता येईल का?” दुसरी आणि तिसरा समीक्षक नाहीत. वाचताना आपलं काय झालं, एवढंच त्यांनी पानाच्या नंबरासकट सांगितलं. लेखकाला घरी जाऊन कुठे हात घालायचा ते कळलं. असे दोन वाचक ज्याला लाभले त्याचं निम्मं काम झालं.

याला शिस्त हवी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड इथे १९५६ पासून विज्ञानकथाकारांची जी बैठक भरे, तिची पद्धत आजही जगभर वापरतात. मजकूर आधीच वाचून यायचं. प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचं. तोवर लेखकाने तोंड उघडायचं नाही आणि शेवटी त्याला उत्तर द्यायची मुभा. लेखकाला गप्प बसवण्यामागे व्यवहार आहे. पुस्तक वाचकाच्या हातात पडल्यावर “मला तसं म्हणायचं नव्हतं” हे सांगायला लेखक तिथे हजर नसतो.

आपल्याकडे चार ते सहा जणांचा गट पुरे. पानं आठवडाभर आधी पाठवावीत, दिवस ठरलेला असावा आणि स्वतःचं न लिहिणाऱ्याला नुसता टीकाकार म्हणून ठेवू नये. वर्षाअखेरीस एकेकाचं पूर्ण बाड सलग वाचायची एक बैठक ठेवावी. जागेची अडचण नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना संध्याकाळी येणारी माणसं हवीच आहेत.

एका बाबतीत मात्र फीचा वर्ग कट्ट्यावर मात करतो, आणि हे बायकांना चांगलं ठाऊक आहे. “शनिवारी मैत्रिणींबरोबर लिहायला बसते” असं सांगितलं की घरात कुणीतरी पाहुणे बोलावतं. “माझा क्लास आहे, पैसे भरलेत” म्हटलं की तेवढे तीन तास कुणी मागत नाही. पैसे भरल्याने वेळेला घरात किंमत येते. हा फायदा खरा आहे आणि काहींसाठी फीच्या मोलाचाही. ज्यांना तो हवा आहे त्यांनी स्वस्तातला वर्ग निवडावा. त्यासाठी पन्नास हजार मोजायची गरज नाही.

एकाच साच्याचा धोका

वर्ग असो वा कट्टा, दोन्हीकडे एक भीती समान असते. सगळ्यांना आवडेल असं लिहायची सवय लागते आणि धारदार कोपरे घासले जातात. ‘सत्यकथा’ मासिकाने आणि श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी मराठी लेखकांना जी शिस्त दिली ती कुठल्याही विद्यापीठाच्या तोडीची होती. संपादकाच्या टिपणासह परत आलेली कथा हाच अनेकांचा पाठ होता. तरी १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली. एका अभिरुचीच्या पहाऱ्याखाली आपलं लेखन अडतं, ही त्यांची तक्रार होती. अमेरिकी लेखनवर्गांबद्दल नेमकी हीच तक्रार कादंबरीकार जूनो डियाझ यांनी २०१४ मध्ये केली. वर्गातले बहुसंख्य गोरे विद्यार्थी आणि शिक्षक वंशाचा विषय निघाला की कसे अडखळतात, हे त्यांनी लिहिलं. मॅथ्यू सॅलेसिस यांनी २०२१ मध्ये पुस्तकच लिहून दाखवलं की ज्याला आपण तटस्थ तंत्र म्हणतो तेही एका संस्कृतीच्या वाचकाला धरून ठरलेलं असतं.

मराठी लेखकाला याची झळ दुप्पट बसते. इंग्रजी वर्गांतलं तीन अंकांचं कथानक, पहिल्या पानावर संघर्ष, निवेदकाने फार बोलू नये असले नियम उपयोगी असले तरी ते सार्वत्रिक नाहीत. ‘कोसला’त बखरीची नक्कल आहे, भटकणं आहे, निवेदकाची अखंड बडबड आहे. बारा आठवड्यांच्या वर्गात ती आणली असती तर अर्धी कापून टाकण्याची शिफारस झाली असती. म्हणून वर्ग निवडताना शिकवणाऱ्याने मराठी कादंबरी वाचली आहे का, हे विचारणं गैर नाही. श्री. ना. पेंडसे, उद्धव शेळके, भाऊ पाध्ये यांच्या कादंबऱ्यांची नावंही ज्याला माहीत नाहीत, त्याच्याकडून मराठी कादंबरीचं तंत्र शिकण्यात अर्थ नाही.

कमी पैशांत काय मिळतं

फी भरण्याआधी जवळचं दार ठोठावून बघावं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्यांना प्रकाशनासाठी नवलेखक अनुदान देतं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळा विभाग आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून आणि नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून चालत आले आहेत. अशा संस्थांच्या शाखांत व्याख्यानं आणि कार्यशाळा होतात आणि त्यांची वर्गणी खिशाला झेपते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी इग्नूची सर्जनशील लेखनाची पदविका खासगी वर्गांच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे.

बंगळुरूजवळचं ‘संगम हाउस’ भारतीय भाषांतल्या लेखकांनाही निवासासाठी बोलावतं. २०२० मध्ये सुरू झालेला ‘साउथ एशिया स्पीक्स’ हा कार्यक्रम निवडलेल्या नवोदितांना वर्षभर मार्गदर्शक देतो आणि त्यासाठी फी घेत नाही. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी कादंबरीकाराची विद्यापीठातली संपूर्ण व्याख्यानमाला यूट्यूबवर फुकट आहे. तंत्राची तोंडओळख हवी असेल तर तेवढी बास.

फीच्या पोटात कोणत्या गोष्टींचे पैसे लावले जातात, तेही तपासावं. काही ‘लेखक पॅकेज’मध्ये आयएसबीएन क्रमांकासाठी रक्कम धरलेली असते. भारतात हा क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. कॉपीराइट मिळवून देण्याच्या नावाखालीही पैसे उकळतात. साहित्यकृती लिहिली गेली की हक्क आपोआप लेखकाचा होतो आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिचं सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे. प्रकाशनाची हमी देणारा वर्ग असेल तर ती छपाई कुणाच्या खर्चाने होणार, हा प्रश्न पहिला. लेखकाच्या पैशाने पुस्तक छापणं हा गुन्हा नाही, पण त्याला निवड म्हणू नये.

मग पैसे कधी भरावेत?

पहिला खर्डा हातात नसताना महाग वर्गाला जाऊ नये, हा या सगळ्या आढाव्याचा निष्कर्ष. अशा वेळी वर्गात कल्पनेवर चर्चा होते. कल्पना सगळ्यांच्याच चांगल्या असतात, आणि घरी परतल्यावर त्यांची किमया ओसरते. खर्डा पुरा होईपर्यंत लागतं काय? वाचन, ठरलेला वेळ आणि दोन-चार प्रामाणिक वाचक. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही.

दीड-दोनशे पानं झाली, दोनदा पुन्हा लिहिली, गटातल्यांनी सलग वाचली, तरी कुठेतरी गाडं अडलंय आणि ते का, हे कुणाला सांगता येत नाही. अशा वेळी पैसे खर्च करायला हरकत नाही. तेव्हाही सामूहिक वर्गापेक्षा एखाद्या जाणत्या संपादकाला मोबदला देऊन संपूर्ण बाड वाचून घेणं आणि लेखी टिपण मागणं जास्त फायद्याचं. वर्गच हवा असेल तर फी भरण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लेखी घ्यावीत. माझी किती पानं वाचली जाणार? ती कोण वाचणार, जाहिरातीतला लेखक की त्याचा सहायक? वर्गात किती जण असतील? मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळणार? आणि मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी मला बोलता येईल का? उत्तरं गोलमोल आली तर रक्कम खिशातच ठेवावी. हमी देऊन फसवलं गेलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या व्यवहारालाही लागू होतो आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ज्यांना एवढेही पैसे जमत नाहीत त्यांनी खचू नये. तुळजापूरचे देविदास सौदागर शिवणकाम करून पोट भरत आले आहेत. शिंप्याच्या जगण्यावरची त्यांची ‘उसवण’ ही कादंबरी २०२४ च्या साहित्य अकादेमी युवा पुरस्काराची मानकरी ठरली. ती कुठल्याही महागड्या वर्गाच्या जोरावर आलेली नाही. जे लिहिलं ते त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं.

तेव्हा वर्गाचा फॉर्म भरायला बसलेल्या वाचकाने आधी आपल्या बाडाची पानं मोजावीत. शंभराच्या आत असतील तर फॉर्म बाजूला ठेवावा, लिहिणाऱ्या तिघा ओळखीच्यांना फोन करावा आणि येत्या शनिवारची वेळ ठरवावी. फीचा विचार खर्डा पुरा झाल्यावर.